ट्रॅक्टरची जमा-नावे

डिझेल इंजिनाला ठिणगीचा प्लग नसतो. रुडॉल्फ डिझेल नावाच्या जर्मन गृहस्थाने 1893 साली ह्या इंजिनाचं पेटंट मिळवलं, तेव्हापासून नाही. सिलिंडरातली हवा सोळा-सतरा पटींनी दाबायची, ती दाबानेच पाचशे अंशांच्या वर तापते, त्यात डिझेलचा फवारा मारला की तो आपोआप पेट घेतो. काडी नको, ठिणगी नको. फार तर काही इंजिनांत थंडीच्या दिवसांत हवा गरम करायला हीटर असतो. पण हे सगळं पुस्तकात. कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या गावात ट्रॅक्टर सुरू झाला नाही, की पारावरचा पहिला माणूस छातीठोकपणे सांगतो, "प्लग गेलाय!"

माझे थोरले चुलतभाऊ आप्पा ह्यांचा ट्रॅक्टर मी दहावीत असताना घेतलेला. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण नावाची पट्टी बॉनेटवरून केव्हाच पडली आहे, आणि इतक्या वर्षांच्या दुरुस्त्यांनंतर त्यात कंपनीचं काय उरलंय हाही प्रश्नच आहे. किल्ली हरवून दहा वर्षं झाली. आता ते काम वहिनींच्या नेलकटरची पाती करते. नखं कापायची असली तर आधी ट्रॅक्टर बंद आहे ना, हे बघावं लागतं.

मोटारीला विजेवर चालणारा स्टार्टर 1912 साली अमेरिकेत कॅडिलॅकला पहिल्यांदा बसला. चार्ल्स केटरिंग ह्या इंजिनिअरचं ते काम. त्याआधी सगळा कारभार हँडल मारून. आप्पांनी ह्या दोन्ही पद्धती बाद करून तिसरी स्वीकारली होती. ट्रॅक्टर रोज संध्याकाळी गोठ्यामागच्या उतारावर लावायचा, सकाळी ब्रेक सोडायचा आणि वेग आला की क्लच सोडायचा. बॅटरीला त्रास नाही, स्टार्टरला त्रास नाही. "उतार काय कुनाच्या बापाचा न्हाय," असं ते म्हणत.

तो उतार 2023 साली उलटला. त्या वर्षी मॉन्सून राज्यात उशिरानेच पसरला. जूनच्या अखेरीस पाऊस झाला आणि गोठ्यामागे चिखलाची घसरगुंडी झाली. ट्रॅक्टर अंगणात, सपाटीवर. रविवारी सकाळी रानाला वाफसा आलेला, घरात घेवड्याचं बियाणं तयार, आभाळ पुन्हा भरून येतंय. वाफसा म्हणजे काही बँकेतली मुदतठेव नव्हे, मुदत संपल्यावर आपोआप नूतनीकरण व्हायला! दोन दिवस, फार तर तीन. शेजारच्या काकूंच्या दोन एकरांचा शब्दही आप्पांनी दिलेला. काकूंच्या घरी औत नाही, माणूस नाही. भाड्याच्या ट्रॅक्टरवाल्यांकडे रेशनच्या दुकानासारखी रांग.

आप्पांनी नेलकटर फिरवलं. 'टिक्' असा एकच आवाज झाला. पुढे शांतता.

दहा मिनिटांत अंगणात सभा भरली. "बॅटरी बसलीया." "स्टाटर जळला." "पंपात हवा धरली आसंल." प्लगवाले तर होतेच. आता हवा धरली, तर इंजिन फिरतं पण पेटत नाही. मग फिल्टरचा स्क्रू सैल करून, हातपंप मारून, बुडबुडे संपेपर्यंत डिझेल येऊ द्यायचं. इथे इंजिन फिरतच नव्हतं. न फिरणं आणि न पेटणं हे दोन वेगळे आजार आहेत, पण सभेला एवढा बारकावा मान्य नव्हता. एका उत्साही पुतण्याने पाना घेतला आणि स्टार्टरच्या दोन टोकांना लावून शॉर्ट मारतो म्हणाला. तेवढं मात्र मी होऊ दिलं नाही. ट्रॅक्टर गिअरमध्ये असला तर सुरू होऊ नये म्हणून असणारा स्विच आमच्या ट्रॅक्टरवर केव्हाच वायर जोडून मोकळा केलेला. चाकाशेजारी उभं राहून असं शॉर्ट मारताना ट्रॅक्टर अंगावर येऊन माणसं मेलेली आहेत. पुतण्या रागावला. रागावू दे.

टेम्पोची नवी बॅटरी काढून लावली. 'टिक्.' एवढ्यात कुणाच्या फोनवरून बातमी गेली कोण जाणे, 'जुना द्या, नवा न्या' योजनेचा एजंट मोटरसायकलवरून हजर झाला. त्याने ट्रॅक्टरकडे पाहून, आजारी माणसाकडे विम्याचा माणूस पाहतो तसा सुस्कारा सोडला आणि कर्जाचा फॉर्म काढला. आप्पा माझ्याकडे पाहू लागले. घरातला माणूस बँकेत असला की कर्ज म्हणजे दारातली शेवग्याची शेंग वाटते; हात वर केला की आली. सहामाही हप्ता कसा वर्षाच्या दोन्ही टोकांना उभा राहतो, हे मी काउंटरच्या आतून रोज बघतो. एजंटाने पेनही पुढे केलं.

तेवढ्यात कोरेगावहून वायरिंगवाला आला. बारका, अबोल माणूस. त्याने सभेचं काहीही ऐकून घेतलं नाही, ह्यावरूनच तो जाणकार आहे हे मी ओळखलं. त्याने हेडलाइट लावायला सांगितलं आणि नेलकटर फिरवलं. 'टिक्' झालं आणि दिवे विझल्यासारखे मंद झाले. "बगा, बॅटरी!" सभा ओरडली. त्याने मीटर बॅटरीच्या दोन टोकांवर धरला. चांगली भरलेली बॅटरी 12.6 व्होल्ट दाखवते. स्टार्टर ओढत असताना ती दहाच्या आसपास उतरायला हवी, कारण स्टार्टर शेकड्यांनी अँपिअर खातो. इथे काटा 12.4 वर बसून राहिला.

मी बी.कॉम. माणूस, पण हे मला लख्ख कळलं. तिजोरीत पैसे शिल्लक आहेत आणि काउंटरवर गिऱ्हाइकाला मिळत नाहीत! म्हणजे मधे कुठेतरी अडलंय. सगळे जण जाड लाल केबलकडे बोटं दाखवत होते. ती नावे बाजू. पण गेलेला प्रवाह परत बॅटरीत यायला नको का? आमच्या खात्यात प्रत्येक नोंदीला दुसरी बाजू असते. मी विचारलं, "परत कुठनं येतो हो?"

वायरिंगवाल्याने प्रथमच माझ्याकडे पाहिलं. मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरं इंजिनाच्या उघड्या लोखंडावर धरून तो म्हणाला, "आता फिरवा." तिथे अर्धा व्होल्टसुद्धा पडता कामा नये. पडत होते नऊच्या वर! त्याने एक जंपर केबल निगेटिव्हपासून थेट इंजिनाला लावली. आप्पांनी नेलकटर फिरवलं आणि ट्रॅक्टर असा गरजला की एजंटाच्या हातातला फॉर्म उडून गोठ्यात गेला.

भानगड होती अर्थिंगच्या पट्टीत. मे महिन्यात पुतणीच्या लग्नासाठी ट्रॅक्टर रंगवला होता. रंगारी कामाला चोख. त्याने पट्टी सोडवली, खालची जागा घासली, दोन हात लाल रंग दिला आणि बोल्ट पुन्हा आवळला. प्रवाहाची परतीची वाट ऑइलपेंटने बंद! मेपासून ट्रॅक्टर उतारावरच सुरू होत असल्यामुळे कुणाला पत्ताच नाही.

पॉलिश पेपर लग्नातलाच उरलेला. लोखंड चकचकीत दिसेपर्यंत घासलं, पट्टी बसवली, वरून ग्रीस फासलं. वायरिंगवाल्याने दोनशे रुपये घेतले. चहा नको म्हणाला.

त्या दिवशी पहिल्यांदा काकूंची दोन एकरं झाली. आप्पा रात्री अकरापर्यंत हेडलाइटच्या उजेडात पेरत होते आणि पहाटे पाऊस आला. गोठ्यातला फॉर्म वहिनींनी पुसून ठेवला होता. त्याच्या कोऱ्या बाजूवर आप्पांनी घेवड्याच्या बियाण्याचा हिशेब लिहिला. बेरीज दोन ठिकाणी चुकली आहे. मी काही बोललो नाही.