काळाचौकीचा घाटी आणि करंज्याचा नाखवा

आमच्या पाटण खोऱ्यात समुद्राची ओळख होती ती फक्त वासाने. वैशाख सरत आला, की आठवडी बाजारात सुकट-बोंबलाची पोती येऊन पडत. बायाबापड्या पावसाळ्याची बेगमी म्हणून ती मापाने घेत, उन्हात एकदा दाखवत आणि गाडग्यात भरून तोंडाला फडके बांधून ठेवत. पेरणीच्या घाईत घरात भाजी नसायची. मग निखाऱ्यावर भाजलेला बोंबील, कांदा आणि भाकरी यावर गडी दिवस काढी. तो बोंबील कोण धरतो, कुठे धरतो, याचा विचार करायला कुणाला सवड होती?

१९७४ साली चुलत्यांनी मला मुंबईला नेऊन गिरणीत लावून दिले. राहायला काळाचौकी. एका गाळ्यात आम्ही चौदा गडी. तिन्ही पाळ्यांतले असल्यामुळे झोपायला जागा पुरे. जेवण खानावळीतल्या मावशींकडे. काळाचौकीच्या पूर्वेला कॉटन ग्रीन, तिथे कापसाची मोठमोठी गोदामे. वऱ्हाड-खानदेशात शेतकऱ्याने वेचलेला कापूस गाठी होऊन तिथे येई. त्या गोदामांपलीकडे रेल्वेचे रूळ, रुळांपलीकडे बंदराच्या भिंती आणि भिंतींपलीकडे समुद्र. पायी अर्ध्या तासाच्या अंतरावर, पण दिसत मात्र नसे. मुंबईत राहून समुद्र न पाहिलेली माणसे असतात, हे गावी सांगितले तर कुणाला खरे वाटत नाही. पण पूर्वेच्या बाजूला सारा किनारा गोद्यांनी आणि वखारींनी अडवला होता, आणि आमचे सारे आयुष्य भोंग्यावर चाले. भोंगा झाला की उठायचे, भोंगा झाला की सुटायचे.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि भोंगे थांबले. सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले. आमच्या गाळ्यातले निम्मे गडी महिन्याभरात गावी निघून गेले. माझ्या डोक्यावर बहिणीच्या लग्नाचे देणे होते, त्यामुळे मी राहिलो. कुणीतरी म्हणाले, भाऊच्या धक्क्यावर हमाली मिळते. पहाटे चारला उठून रे रोड, दारूखाना असा चालत निघालो. दारूखान्यात जुनी जहाजे तोडून लोखंड काढीत, त्या लोखंडाच्या ढिगांमधून वाट काढत धक्का गाठला. मासळीने भरलेल्या होड्या, ओरडणाऱ्या कोळणी, बर्फ फोडण्याचा आवाज आणि बंदरावरचे गढूळ पाणी. माझे समुद्रदर्शन ते असे झाले.

काम होते बर्फ फोडून पाट्यांत भरण्याचे आणि होडीतून मासळी वर काढण्याचे. लिलाव बघत राहावासा वाटे. आपल्याकडे अडत्यासमोर शेतकरी गप्प उभा असतो. इथे कोळीण मासळीवर वाकून एकेक नग बघणार, भाव पाडणार, चढवणार, पैसे कमरेच्या पिशवीत खोचणार. पुरुषाने मासळी आणायची आणि बाईने विकायची, असा त्यांचा रिवाज. घरच्या तिजोरीची किल्ली बाईकडे असलेला समाज मी तिथे पहिल्यांदा पाहिला, आणि मला तो फार शहाणपणाचा वाटला.

तिथेच करंज्याच्या एका नाखव्याची ओळख झाली. करंजा म्हणजे उरणच्या बाजूचे, बंदराच्या पलीकडचे गाव. साठीचा माणूस, अंगाने काटक. मला तो नावाने कधी हाक मारीत नसे. "काय रं घाटी," म्हणायचा. फाल्गुनात त्याचा एक खलाशी आजारी पडला तेव्हा म्हणाला, "येतोस का रं डोलीला? भात देईन, वाटा देईन."

मी गेलो. पहिल्या रात्री मला अशी बोट लागली, की पोटात अन्नाचा कण राहिला नाही. नाखवा हसला आणि म्हणाला, "समुद्रानं जकात घेतली. आता काय नाय होनार."

डोल म्हणजे जाळ्याची भली मोठी पिशवी. तोंड रुंद आणि शेपटाकडे निमुळती होत गेलेली. समुद्राच्या तळात खुंट रोवून ती पाण्याच्या ओढीसमोर बांधतात. मासळीमागे धावायचे नाही. भरती-ओहोटीचे पाणी जोरात वाहते, मासळी त्याच्यासोबत आपणहून आत येते. पाणी मंदावले, की शेपूट ओढून होडीत रिकामे करायचे. पाटाचे पाणी दारे धरून शेतात घेतो, त्यातलाच प्रकार. फक्त इथे पाटकरी चंद्र.

आणि चंद्राचा हिशेब नाखवा पाठ म्हणून दाखवी. तो आपल्या वाचकांनाही सांगून ठेवतो, कोकणात जाणाऱ्याला उपयोगी पडेल. तिथीला पाऊणने गुणावे. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहाच्या सुमारास. पौर्णिमा-अमावास्येला दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास. त्यानंतर सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. मिनिटाचा हिशेब नाही, पण मुंबई-रायगडच्या किनाऱ्याला अदमास बरोबर येतो. पौर्णिमा-अमावास्येच्या मागेपुढे पाण्याला जोर असतो, ते उधाण. सप्तमी-अष्टमीच्या सुमारास पाणी सुस्त, तो भांग. डोलीवाल्याचे पीक उधाणात आणि विश्रांती भांगात. आठ वर्षे भोंग्यावर जगलेल्या मला हे घड्याळ नवलाचे वाटले. रोज पाऊण तासाने पुढे सरकणारे, आणि पाळी चुकली तर पगार न कापता मासळीच कापणारे.

त्या उधाणात जवळा, करंदी, मांदेली आणि थोडे बोंबील मिळाले. बोंबलाची जोडी जबड्यात जबडा अडकवून बांबूच्या मांडवावर दोरीला टांगतात. त्या मांडवाखाली उभा राहिलो आणि आईचे गाडगे आठवले. आमच्या बाजारातला बोंबील अशाच एखाद्या दोरीवरून आला होता.

हिशेबाच्या दिवशी मी कान देऊन ऐकत होतो, कारण हिशेब कुठलाही असो, शेतकऱ्याच्या पोराला त्यात रस असतो. आलेल्या पैशातून आधी डिझेल, बर्फ, किराणा वजा. उरलेल्यात होडीचा वाटा, जाळ्यांचा वाटा, तांडेलाचा वाटा आणि मग खलाशांचे. आमच्या बटईसारखेच. खलाशांना हंगामाआधी उचल द्यावी लागते, ऊसतोडीच्या टोळीला देतात तशी. ती उचल द्यायला नाखवा दलालाकडून पैसे घेई आणि दलाल त्याची मासळी स्वतः म्हणेल त्या भावाने उचली. "अरं, तुमचा सावकार जमीन लिहून घेतो," नाखवा म्हणाला, "आमच्याकं लिहून घ्यायला जमीन नाय. म्हणून आमचा माणूसच लिहून घेतो."

जेठ लागला तशा होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारल्या. मी विचारले, पावसात दोन महिने बसून खाणार काय? त्याने उत्तर दिले ते 'रामदास'चे. ही गोष्ट काळाचौकीच्या चाळींतही म्हातारे सांगत. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट वादळी पाण्यात काश्याच्या खडकाजवळ कलंडली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. रेवसकडून येणाऱ्या कोळ्यांनी होड्यांतली मासळी समुद्रात फेकून बुडणारी माणसे वर घेतली, असे जुने लोक सांगत. "तेवढी मोठी आगबोट त्या दिवसांत टिकली नाय, आमचं लाकूड कुठं टिकनार? आनि दुसरं सांगू? या दिवसांत मासळी पोटुशी असते. तू पेरलेलं बी उकरून खातोस का?"

नारळी पौर्णिमेला नारळ दिल्याशिवाय होडी पाण्यात घालायची नाही, हा त्याच्या घराचा नेम कुठल्या सरकारी कागदावरून आलेला नव्हता. सरकारचा सागरी मासेमारी नियमनाचा कायदा १९८१ चा. आता पश्चिम किनाऱ्यासाठी १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची बंदी केंद्राने ठरवली आहे.

संप काही मिटला नाही. १९८३ च्या उन्हाळ्यात मी बहिणीचे देणे फेडून गावी आलो. त्यातले निम्मे पैसे समुद्राचे होते. नाखव्याला मी दर दिवाळीला घरचा तांदूळ पाठवी आणि त्याच्याकडून आगोटीला बोंबलाची जुडी येई. तो गेल्यावरही मुलाने हा व्यवहार मोडला नाही.

गेल्या मार्गशीर्षात मुंबईला जाणे झाले. काळाचौकीत नातू असतो. आमची चाळ पडून तिथे टॉवर झाला आहे. गिरण्या गेल्या. शिवडीहून समुद्रावरून थेट न्हावाशेवाकडे जाणारा बावीस किलोमीटरचा अटल सेतू जानेवारी २०२४ पासून चालू आहे. त्याच्या खालच्या चिखलात हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात आणि लोक ते बघायला येतात. समुद्र आता दिसतो. आमच्या वेळी दिसत नव्हता तो असा पैसे खर्चून दाखवला जातो.

मी मात्र पहाटे धक्क्यावर गेलो. नाखव्याचा मुलगा तिथे यायचा होता. आता तोही साठीला टेकला आहे. होड्या चौपट मोठ्या, जागा सांगणारी यंत्रे, बिनतारी संदेश, सारे आहे. पण पाट्यांत वाकून पाहिले आणि मन खट्टू झाले. बोटाएवढी पापलेटे. त्यांच्याखाली चिरडलेली, ओळखू न येणारी बारीक मासळी. विचारले तर म्हणाला, "काका, ही खायला नाय जात. कुट्ट्याला जाते. दळून तुमच्या कोंबड्यांच्या खाद्यात जाते."

आमच्याच गावात चार पोरांनी कोंबड्यांच्या शेड घातल्या आहेत. खाद्याच्या पोत्यावर काय काय लिहिलेले असते, ते मी घरी आल्यावर चष्मा लावून वाचले.

पापलेटाला महाराष्ट्राने २०२३ साली राज्यमासा ठरवले. त्याच वर्षी ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवून त्याहून लहान मासळी धरायला मनाई झाली. दिव्यांच्या झोतावर मासळी गोळा करून धरायलाही बंदी आहे. कागद चांगले आहेत. पण मुलगा म्हणाला ते ऐकून मला उत्तर सुचले नाही. "आम्ही डोळं मोठं ठेवलं जाळ्याचं, तर आमच्या बाजूनं सुटलेलं पिलू पुढच्या ट्रॉलरच्या जाळ्यात जातं. तुमच्या शेताला बांध असतो, काका. तुम्ही बी राखलं तर ते तुमच्याच शेतात उगवतं. आम्ही राखलं तर ते कुनाच्या ताटात जाईल, सांगा."

आपल्याकडेही विहिरीच्या पाण्याचे हेच झाले. एकाने दोनशे फूट बोअर घेतले, शेजाऱ्याने चारशे, आणि ज्याने घेतले नाही त्याची विहीर आटली. त्याने काय पाप केले होते? पण पाणी-वाटपाला गाव बसवता तरी येतो. समुद्रात उरणचा, वसईचा, गुजरातचा आणि रत्नागिरीचा माणूस एका पंगतीला कोण बसवणार? बसवायला हवे हे मात्र खरे, आणि ते धरपकड करून होईल असे मला वाटत नाही. आधी त्या लहान होडीवाल्याच्या दोन महिन्यांच्या चुलीची सोय लावली पाहिजे. पोट भरलेला माणूसच बी राखतो.

एक गोष्ट बरी झाली. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा द्यायचे ठरवले. शेतकऱ्याच्या दराने वीज, शेतकऱ्यासारखे कर्ज आणि विमा मिळावा, असा त्याचा अर्थ. किसान क्रेडिट कार्ड तर त्यांना त्याआधीच लागू झाले होते. मी मोठ्या हौसेने हे सांगायला गेलो, तर त्याला सारे माहीत होते.

"मग आता आम्हाला सातबारा देनार का?" तो हसून म्हणाला. "समुद्राचा?"

मी म्हटले, "सातबारा घेऊन आम्ही काय मोठे झालो? त्यावर बोजा तेवढा चढतो."

त्याने बोंबलाची जुडी कागदात बांधून माझ्या हातात ठेवली. पैसे घेतले नाहीत. तिथी चतुर्थी होती. तीनपर्यंत भरती, त्याआधी करंज्याला पोचून डोल घालायची होती. तो होडीत उतरला आणि खालूनच ओरडला, "इंद्रायणी पाठवा, काका. मागल्या खेपेचा तांदूळ जुना नव्हता, भात चिकट झाला!"