पत्र, फोन आणि घरातली माणसे

आमच्या काळी वसतिगृहातील मुलांचा घराशी असलेला संबंध पोस्टकार्डावर चाले. मी १९८२ साली इयत्ता पाचवीत येथे दाखल झालो. परभणी जिल्ह्यातील आमच्या गावी पत्र चार-पाच दिवसांनी पोहोचे. आईला अक्षरओळख नसल्याने ते कोणाकडून तरी वाचून घ्यावे लागे, आणि उत्तरही दुसऱ्याच्याच हाताने लिहिलेले असे. ‘इकडील सर्व क्षेम आहे, अभ्यास नीट करावा, कोणाशी भांडू नये’ एवढाच मजकूर वर्षानुवर्षे येत राहिला. त्या पत्रांवरून आमची आई फार मितभाषी असावी, असे कोणालाही वाटले असते.

आता तिने पंचाहत्तरी गाठली आहे. व्हॉट्सअ‍ॅपवरील माईकचे चिन्ह दाबून धरायचे आणि बोलायचे, एवढी एकच गोष्ट ती नातवंडांकडून शिकली. पण ती अशी शिकली की तिचा एकेक निरोप पाच-सात मिनिटांचा असतो. नावे वाचता येत नाहीत, म्हणून ती माणसे छायाचित्रावरून ओळखते. मध्यंतरी माझ्या पुतण्याने स्वतःच्या जागी कोणा नटाचे छायाचित्र लावले, तेव्हा आठ दिवस तो तिला ‘सापडला’ नाही. त्या नटाला मात्र तिने कटाक्षाने एकही निरोप पाठवला नाही.

दोन वर्षांपूर्वी आलेल्या अशाच एका निरोपात तिने सहज सांगितले की, मला वसतिगृहात पाठवताना पत्र्याची पेटी, अंथरूण आणि दोन गणवेश यांसाठी तिने आपले चांदीचे कडे गहाण ठेवले होते आणि ते पुन्हा सुटले नाही. हे इतकी वर्षे का सांगितले नाहीस, असे मी विचारले. तिचे उत्तर होते, “पत्रात कसं सांगावं बाबा? लिहिणारं पोरगं सावकाराच्याच दुकानात कामाला होतं.” पुढे तिने १९७२ च्या दुष्काळातील खडी फोडण्याचे दिवसही सांगितले. तेव्हा मी तिच्या कडेवर होतो. लिहून देणाऱ्यावाचून आणि वाचून दाखवणाऱ्यावाचून स्वतःच्या मुलाशी बोलण्याची सोय तिला सत्तरी उलटल्यावर मिळाली.

माझ्या पिढीचा अनुभव निराळा. आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी खुले झाले; माझ्या वाट्याला ते पुण्यातील सायबर कॅफेत, तासाच्या भाड्याने आले. कोलंबिया विद्यापीठाच्या संकेतस्थळावर बाबासाहेबांच्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ची टिपांसह आवृत्ती पाहिली, तो दिवस आजही लक्षात आहे. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून प्रसिद्ध केलेले बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड आज परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. ज्यांनी एकेका खंडासाठी ग्रंथालयात खेटे घातले, त्यांना याचे मोल सांगायला नको. थोडक्यात, इंटरनेट म्हणजे ग्रंथालय, अशी माझ्या मनाची धारणा झाली आणि ती अजूनही पुरती सुटलेली नाही.

गावी शेती पाहणाऱ्या माझ्या धाकट्या भावाच्या घरी इंटरनेट शिरले ते २०१६ नंतर, डेटा स्वस्त झाल्यावर. बाजारभाव, हवामान, भीमगीते आणि नातेवाइकांचे समूह असा त्याचा वापर. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा घरात स्मार्टफोन एकच होता. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत ग्रामीण भागातील जेमतेम १५ टक्के घरांत इंटरनेट असल्याचे आढळले होते. त्या हिशेबाने आमचे घर सुदैवीच म्हणायचे. फोन एक आणि शिकणारी दोघे. मुलगा अकरावीत जाणार म्हणून त्याचे तास आधी, नववीतील मुलीचे उरल्या वेळात. पुढे मुलाला स्वतःचा फोन मिळाला. मुलीने बापाचाच फोन वापरायचा आणि संध्याकाळी सात वाजता आणून कोनाड्यात ठेवायचा, असा नियम झाला.

गंमत अशी की त्या घरात इंटरनेटचे सर्वांत जास्त ज्ञान या मुलीलाच आहे. महाडीबीटीवरील शिष्यवृत्तीचे अर्ज वस्तीतील निम्मी मुले तिच्याकडून भरून घेतात. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधारशी जोडलेले बँक खाते, कोणता कागद कोठे अडतो हे तिला तोंडपाठ. पण ओटीपी येतो बापाच्या फोनवर, आणि बाप फोनसह रानात. संकेतस्थळावरील गर्दी रात्री कमी होते, तेव्हा फोन कोनाड्यात.

मी भावाशी याविषयी बोललो. तो म्हणाला, “दादा, तू पुण्यात राहतोस. इथं एका फोटोवरून पोरीचं नाव जातं.” त्याची भीती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. बाबासाहेबांवरील गाण्याच्या रिंगटोनवरून शिर्डीत एका तरुणाची हत्या झाल्याची २०१५ मधील बातमी आपल्यापैकी कोणी विसरलेले नाही. जयंतीच्या एका स्टेटसवरून गावात ताण निर्माण होतो, हेही आपण पाहतो. परंतु ती बातमी एका मुलाची होती, आणि आमच्या घरी कुलूप मुलीच्या फोनला होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातील ५७ टक्के पुरुषांनी कधी ना कधी इंटरनेट वापरले होते, स्त्रियांत हेच प्रमाण ३३ टक्के होते. हा फरक अशाच कोनाड्यांतून तयार होत असावा.

वसतिगृहांतही हा प्रश्न आहेच. केरळमधील एका महाविद्यालयाच्या मुलींच्या वसतिगृहात संध्याकाळी सहा ते रात्री दहा मोबाइलला बंदी होती. ती न मानणाऱ्या विद्यार्थिनीला बाहेर काढले गेले. सप्टेंबर २०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने तिला परत घेण्याचा आदेश दिला आणि इंटरनेटची उपलब्धता हा शिक्षणाच्या व खासगीपणाच्या हक्काचा भाग मानला. शाळकरी मुलांचे प्रकरण वेगळे आहे, हे मला मान्य आहे. बारा वर्षांच्या मुलाच्या उशाखाली फोन असू नये, या मताचा मीही आहे. पण माजी विद्यार्थी संघाच्या बैठकीत हा विषय निघतो तेव्हा चर्चा हटकून मुलींच्या फोनवर येऊन थांबते. मुले रात्री दोनपर्यंत काय पाहतात, याची विचारणा होताना मी ऐकलेली नाही.

मी हे सारे भावाला सांगितले, पण त्याच्यावर परिणाम झाला तो आईच्या बोलण्याचा. माझ्या कड्याचा निरोप पाठवला तेव्हा रात्रीचे नऊ वाजले होते आणि माईक मला या पोरीने धरून दिला होता, असे तिने त्याला सुनावले. गेल्या जूनपासून पुतणीकडे स्वतःचा फोन आहे. वेळेची मर्यादा सातवरून दहावर गेली आहे, आणि दहा वाजता कोनाड्यात दोन फोन ठेवले जातात. पुतण्याने यावर माझ्याकडे तक्रार केली आहे.