उडत्या लेकीची बॅग

बारामतीला गोजुबावीजवळच्या विमानतळावर मुलीही विमान चालवायला शिकतात. २५ जुलै २०२२ रोजी इथलं एक शिकाऊ विमान इंदापूर तालुक्यात कडबनवाडीच्या शेतात कोसळलं. आत एकटीच मुलगी होती; नशिबानं किरकोळ जखमांवर निभावलं. तरी मुलींचं शिकणं थांबलेलं नाही.

दोनशे तासांचं उड्डाण झालं, परवाना हाती आला, की नोकरीसाठी परगावी जाणं आलंच. मैत्रिणींनो, बॅगेत लाडू-चिवडा जरूर द्या. पण लॉगबुक, परवाना, रेडिओचा परवाना आणि वैद्यकीय दाखला यांच्या मूळ प्रती हातातल्या पिशवीतच हव्यात. झेरॉक्स वेगळ्या ठेवाव्यात. पांढरा शर्ट चुरगळला, तर पुन्हा इस्त्री करता येते. लॉगबुकातला एकेक तास मात्र लेकीनं स्वतःच्या हिमतीवर मिळवलेला असतो!