पहिला कॅमेरा घेताना

मित्रांनो, तुमच्यापैकी कितीजणांना फोटो काढायला आवडतं? हात वर करा पाहू! आणि ‘मला मोठा कॅमेरा हवाच’ असा हट्ट कितीजणांनी धरलाय?

मीही धरला होता. साल होतं 2013. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. त्या महिन्यात आईला तीस हजारांची भिशी लागली. त्या पैशांतून नवा फ्रीज घ्यायचा, असं तिनं वर्षभर मनात धरलं होतं. पण एका संध्याकाळी तिनं ते पाकीट माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाली, “फ्रीज काय, पुढं घेऊ. तू कॅमेरा आण. पण नीट बघून घे हं!”

आता ‘नीट बघून’ म्हणजे नेमकं काय बघून, ते आम्हा दोघींनाही ठाऊक नव्हतं.

दुकानात दोन डिजिटल एसएलआर समोर आले. एक निकॉनचा डी 3200, दुसरा कॅननचा 1100 डी. पहिल्याचे मेगापिक्सेल 24, दुसऱ्याचे 12. मी काय केलं असेल, ओळखा! 24 म्हणजे 12 ची दुप्पट, तेव्हा फोटोही दुप्पट चांगला, असा हिशेब करून निकॉन घेतला. सोबत 18-55 ची लेन्स मिळाली. पाकीट जवळजवळ रिकामं झालं.

कॅमेरा वाईट नव्हता बरं का. चुकला होता तो माझा हिशेब. एक मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख ठिपके. 8 बाय 10 इंचांचा फोटो छापायचा आणि दर इंचाला 300 ठिपके धरायचे, तर 2400 गुणिले 3000, म्हणजे 72 लाख ठिपके लागतात. भिंतीवर लावायच्या फोटोला 12 मेगापिक्सेलसुद्धा भरपूर! मग फोटो बिघडतो कशानं? ते मला आजीच्या घरी कळलं.

वाईजवळच्या आमच्या गावी आजीचं सहस्रचंद्रदर्शन होतं. सगळे पाहुणे जमलेले. संध्याकाळी माजघरात आजीला पाटावर बसवलं आणि आत्या, काकू, आई तिला दिव्यांनी ओवाळू लागल्या. एक पिवळा बल्ब आणि ताटातल्या वाती, एवढाच उजेड. मी पन्नासएक फोटो काढले. रात्री पाहते तर काय, सगळे हललेले! फ्लॅश टाकून काढलेले चार फोटो स्पष्ट होते, पण त्यांत दिव्यांचा उजेडच नाहीसा झाला होता आणि आजीच्या चष्म्यावर पांढरा ठिपका चमकत होता.

आजी फोटो पाहून हसली. “का गं, मी काय पळत होते का?” असं म्हणाली. आई काहीच बोलली नाही. तेच मला जास्त लागलं.

असं का झालं? कॅमेऱ्यात उजेड दोन गोष्टींनी मोजून घेतला जातो. लेन्सचं छिद्र किती मोठं, आणि शटर किती वेळ उघडं. छिद्राचा आकडा जितका लहान, तितकं छिद्र मोठं. माझी लेन्स 55 वर नेली की तिचा आकडा 5.6 च्या खाली उतरत नसे. उजेड कमी, म्हणून शटर जास्त वेळ उघडं राही, आणि तेवढ्यात ताट हले, हात हले. हाच आकडा 1.8 असलेली लेन्स नऊ-दहा पट उजेड आत घेते! जिथं एक षष्ठांश सेकंद लागतो, तिथं साठाव्या भागात काम होतं.

मग मी शिकवण्या घेऊन पैसे साठवले आणि 50 मिलिमीटरची, 1.8 ची एक जुनी लेन्स घेतली. घरी येऊन लावली, तर फोकस आपोआप होईना! निकॉनच्या त्या जुन्या लेन्सला फोकस करायला कॅमेऱ्यात मोटर लागते, आणि माझ्या कॅमेऱ्यात ती नव्हती. पुन्हा विचारायचं राहूनच गेलं होतं! पण आता रडून काय उपयोग? लेन्सची कडी हातानं फिरवायची आणि दृश्यखिडकीत हिरवा ठिपका लागला की बटण दाबायचं, असा सराव केला. आधी तुळशीवर, मग मांजरावर.

दिवाळीला गावी गेलो, तेव्हा आजीच म्हणाली, “ओवाळा गं मला पुन्हा. पोरीचा फोटो राहिलाय.” तेच माजघर, तोच बल्ब. या वेळी वातीचा उजेड आजीच्या सुरकुत्यांवर जसा पडला, तसाच फोटोत आला. 2016 साली आजी गेली. आमच्या घरात लावलेला फोटो तोच आहे. फ्रीज मात्र आणखी दोन वर्षांनी आला.

तर मित्रांनो, कॅमेरा घेण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारा. मला कशाचे फोटो काढायचेत? घरातली माणसं? मग मोठ्या छिद्राची लेन्स बघा. पक्षी? मग लांबचं जवळ आणणारी लेन्स लागेल. ती महाग असते, म्हणून बॉडीवर कमी खर्च करा. फुलं, डोंगर? सोबत मिळणारी लेन्स पुष्कळ झाली.

आता नवे कॅमेरे बहुतेक आरसा नसलेले, म्हणजे मिररलेस येतात. त्यामुळे आरशाचे डीएसएलआर वापरलेले मिळतात, आणि शिकायला ते उत्तम. मात्र घेताना शटर किती वेळा उडालंय ते विचारा. लेन्समधून टॉर्च मारून पाहा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी. अशी लेन्स घेऊ नका. आपली लेन्स आपल्या कॅमेऱ्यावर लावून, फोकस होतो ना, ते दुकानातच बघा! कॅमेरा हातात धरूनही बघा. बोटं बटणांपर्यंत पोचायला हवीत.

आणि हो, त्याआधी तीन महिने घरातल्या फोनवरच रोज एक फोटो काढा. त्यात कंटाळा आला, तर आईबाबांचे पैसे वाचले. नाही आला, तर काय घ्यायचं ते तुम्हाला आपोआप कळलेलं असेल. मग खुशाल हट्ट धरा!