बांधावरचा सफेदा, बनीतला धाऊ

दिल्लीतून कर्नालच्या रस्त्याला लागलं की शेतांच्या बांधांवर नीलगिरी दिसू लागते. इकडे तिला सफेदा म्हणतात. सरळसोट, गोरी खोडं, सगळी एकाच वयाची, प्रार्थनेला उभ्या केलेल्या शाळकरी पोरांसारखी. काही वर्षांत ती कापली जातात आणि ट्रॉलीत आडवी होऊन यमुनानगरच्या प्लायवूड कारखान्यांकडे निघतात. पाणी पितो म्हणून सफेद्याला शिव्या देणारे पुष्कळ. पण त्याला म्हातारपण मिळत नाही, याची खंत कुणालाच नाही.

घाई तर त्याच्या भारतातल्या जन्मपत्रिकेतच आहे. 1843 पासून नीलगिरी पर्वतात त्याची लागवड झाली ती मुख्यतः जळणासाठी.

त्याच्या माहेरी, ऑस्ट्रेलियात, गोष्ट वेगळी. टास्मानियातला ‘सेंच्युरियन’ नावाचा नीलगिरी वृक्ष 2008 मध्ये सापडला. उंची सुमारे 100 मीटर. आपला कुतुबमिनार 72.5 मीटरवर थांबतो. 2019 च्या वणव्यात सेंच्युरियनचा बुंधा भाजला, तरी झाड तगलं. पण अशा जुन्या झाडांची खरी मिळकत म्हणजे ढोल्या. फांदी मोडते, बुरशी आणि वाळवी आतलं लाकूड पोखरत राहतात आणि शंभराहून अधिक वर्षांनी घुबडं, पोपट, पॉसम यांना बिऱ्हाड करता येईल एवढी पोकळी तयार होते. कारखान्याच्या हिशेबात असं खोड वाया गेलेलं.

राजधानीच्या परिसरात जुनं रान पाहायचं तर मान वर करून उपयोग नाही. फरीदाबाद-गुरुग्राम रस्त्याजवळच्या मांगर बनी या देवराईत धाऊ आहे, आपल्या धावड्याचा भाऊबंद. शेळ्यांनी ओरबाडला की हा खडकावर चटईसारखा पसरतो, पण मरत नाही. चराई थांबली की हळूहळू उभा राहतो. बनीत तो पिढ्यान्‌पिढ्या उभा आहे, कारण गुदडिया दास बाबाच्या या रानात फांदी तोडली तर अरिष्ट येतं, अशी आसपासच्या गुर्जर गावांची श्रद्धा. वनखात्याच्या पाटीपेक्षा हा धाक जास्त टिकला, हे मानायलाच हवं.

2016 मध्ये हरियाणा सरकारनं बनीत आणि भोवतीच्या 500 मीटरच्या पट्ट्यात बांधकामाला मनाई केली. त्याच रस्त्यावर पुढे बंधवाडीचा कचऱ्याचा डोंगर आहे. बनी ज्या अरवली डोंगररांगेत आहे, तिथल्या कितीतरी जमिनीची महसुली नोंद मात्र ‘गैर मुमकिन पहाड’, म्हणजे लागवडीस अयोग्य डोंगर, अशी होत आली आहे.