पिवळा पडलेला पडदा

२००४ सालची गोष्ट. मिरजेत माझं डीटीपीचं छोटंसं दुकान होतं. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, हँडबिलं अशी कामं चालायची. कॉम्प्युटर एकच आणि त्याचा मॉनिटर १७ इंची, काचेच्या नळीचा, टीव्हीसारखा जाडजूड.

एक गृहस्थ आपल्या मरहूम वडिलांचा फोटो घेऊन आले. पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर छापायचा होता. डोक्यावर पांढरी टोपी, अंगात पांढरा सदरा. स्कॅन केल्यावर पडद्यावर सगळं पिवळट दिसलं. स्कॅनरची करामत असेल असं समजून मी दोन तास बसून पिवळा रंग कमी केला. टोपी पांढरी दिसली तेव्हाच उठलो.

५०० प्रती छापून आल्या. टोपी निळसर, चेहरा निळसर. गृहस्थ बराच वेळ मुखपृष्ठाकडे बघत राहिले. मग एवढंच म्हणाले, "आमचे अब्बा असे कधीच नव्हते."

त्या रात्री मी दुकानातच थांबलो. पडद्याशेजारी कोरा कागद धरला, तेव्हा कळलं, पडदाच पिवळा होता! कधीपासून, कोण जाणे. डोळ्यांना सवय झाली होती. आधी शेजारच्या स्पीकरवर संशय घेतला. त्यातल्या लोहचुंबकाने नळीचे रंग बिघडतात. पण तेव्हा कोपऱ्यात जांभळे-हिरवे डाग पडतात. इथे पडदा सगळीकडे सारखाच पिवळा होता. मग मॉनिटरचा स्वतःचा मेनू उघडला. मेनूतली अक्षरं पांढरीशुभ्र, मागचं चित्र पिवळं. म्हणजे मॉनिटर ठणठणीत होता, बिघाड त्याच्यापर्यंत येणाऱ्या वाटेत होता. केबल काढली. १५ पिनांपैकी पहिल्या तीन लाल, हिरव्या आणि निळ्या रंगाच्या. तिसरी वाकलेली होती, जेमतेम टेकत होती. पडद्यावरचा पांढरा या तिन्ही रंगांनी मिळून होतो. निळा कमी पडला की उरतो तो पिवळा. चिमट्याने पिन हलकेच सरळ केली, केबल लावली आणि पडदा उजळला.

घरी त्या दिवसांत वेगळीच कटकट चालली होती. बायकोने धुतलेला प्रत्येक पांढरा कपडा अम्मी नाक मुरडून परत द्यायची. "ये क्या सफेद है? हल्दी में डुबाई क्या?" बायको मुकाट्याने पुन्हा धुवायची, नीळ घालायची. मीही एकदोनदा तिलाच बोललो होतो. अम्मीच्या वयाला कोण उलटून बोलणार!

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानातला कोरा कागद घरी आणला आणि अम्मीसमोर धरला. "हा कसा दिसतोय?"

"पिवळाच की," अम्मी म्हणाली.

बायको दारात उभी होती. तिच्याकडे बघायचं धाडस मला झालं नाही.

डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला. डोळ्यातलं भिंग हळूहळू पिवळं पडतं, निळा प्रकाश अडवतं, आणि हळूहळू होतं म्हणूनच माणसाला पत्ता लागत नाही. ऑपरेशननंतर पट्टी निघाली, अम्मी घरी आली, अंगणातल्या दोरीकडे बघून म्हणाली, "आज नीळ जास्त झाली गं." मग तिचं तिलाच काय उमगलं, ती गप्प झाली. संध्याकाळी दोरीवरचे कपडे तिने स्वतः काढले, घड्या घातल्या आणि सुनेच्या हातात दिले. माफीचा शब्द दोघींत निघाला नाही. लागलाही नाही.

पुस्तिका मी पदरमोड करून पुन्हा छापून दिली.

आता त्या जाड नळ्या गेल्या. हल्ली पडदा पिवळा दिसला, तर आधी रात्रीसाठीची सेटिंग चालू राहिली का ते बघावं लागतं. माझी सवय मात्र तीच आहे. फोटोतला रंग सुधारण्याआधी मी पडद्याशेजारी एक कोरा कागद धरतो. आणि घरात कुणाला बोल लावण्याआधीही, जमेल तेव्हा.