ठोके 140, मग घाई कसली?

गासमध्ये आमच्या आळीत कुणाची सून बाळंत व्हायची असली की तिची फाइल माझ्या ओटीवर येते. आधी मुंबईत आणि नंतर वसईत लेबर रूममध्येच माझी नोकरी झाली, हे सगळ्यांना ठाऊक आहे. फाइलीतून घड्या घातलेली चौकटींची पट्टी निघते आणि प्रश्न ठरलेला असतो, "सिस्टर, ठोके किती आहेत?"

आकड्याचं हे वेड ठोके नोंदवणाऱ्या मशीनमुळे लागलं. पडद्यावर आकडा ठळक दिसतो, आवाज खोलीभर घुमतो, दारातल्या सासूबाईंनाही मोजता येतो. 110 ते 160 ठीक, हे आता सगळ्यांना पाठ आहे. पण मशीनमधून निघणाऱ्या पट्टीवर रेघा दोन असतात. वरची बाळाच्या ठोक्यांची, खालची कळांची. खालची न बघता वरचीवर बोलणाऱ्याचं मी कधी ऐकलं नाही, मग तो कितीही मोठा डॉक्टर असो.

एका रात्रपाळीत पहिलटकरणीला कळा वाढवायचं सलाईन चालू होतं. ठोके 90 पर्यंत उतरायला लागले. बाहेर रडारड सुरू, नवरा सीझरच्या कागदावर सही करायला तयार. मी तिच्या पोटावर हात ठेवला. दहा मिनिटांत सहा कळा, मधे पोट सैल पडायलाच वेळ नाही. कळ आली की वारेकडे जाणारं रक्त कमी होतं. दोन कळांच्या मधे बाळ ते भरून काढतं. इथे ती सवडच मिळत नव्हती. ठोके कळ ओसरताना घसरत होते आणि कळ संपल्यावर सावकाश वर येत होते. ही घसरण काळजीची. डोकं दाबलं गेलं म्हणून कळेबरोबर उतरून कळेबरोबरच वर येणारे ठोके वेगळे, नाळ दाबल्यावर एकदम खड्डा पडतो तो वेगळा. डॉक्टर मॅडमना फोन करून सलाईन बंद केलं, तिला डाव्या कुशीवर वळवलं. कळा विरळ झाल्या, रेघ सावरली. पहाटे ती सरळ बाळंत झाली.

दुसरी बाई आली ती चालत, हसत. ठोके 140, एकही घसरण नाही. घरचे निवांत. ती मात्र म्हणाली, "कालपासून बाळ हलत नाहीये." पट्टी काढली तर रेघ आमच्या खाजणासारखी सपाट. जागत्या बाळाचे ठोके सारखे खालीवर होत असतात, 5 ते 25 ठोक्यांचा तो खेळ असतो. बाळ झोपलं की तो मंदावतो, पण ही झोप सहसा 50 मिनिटांपलीकडे जात नाही. आम्ही तिची कूस बदलली, थांबलो. तासभर गेला तरी रेघ हलेना. तिच्या मनगटाची नाडीही मोजली, कारण मशीन कधीकधी आईचेच ठोके बाळाचे म्हणून दाखवतं. तिची नाडी 88 होती, म्हणजे 140 बाळाचेच. मॅडमनी सीझरचं ठरवलं तेव्हा सासरे चिडले, "140 असताना घाई कसली?" पोटातलं पाणी घट्ट हिरवं निघालं. बाळाला आधी पिशवीने श्वास द्यावा लागला, मग काही दिवस काचेच्या पेटीत ठेवावं लागलं. नंतर ते घरी गेलं.

जाणकारांचंही पट्टीवर एकमत होतंच असं नाही. 1987 साली छापून आलेल्या एका अभ्यासात चार प्रसूतितज्ज्ञांना 50 पट्ट्या वाचायला दिल्या; चौघांचं जमलं फक्त 11 पट्ट्यांवर. दोन महिन्यांनी त्याच पट्ट्या पुन्हा दाखवल्या, तेव्हा पाचातल्या साधारण एका पट्टीवर त्यांनी स्वतःचंच मत फिरवलं. त्यात कागदाचा वेग कुठे मिनिटाला एक सेंटिमीटर, कुठे तीन. एकच बाळ, पण दोन मशीनांवर रेघ अगदी निराळी दिसते. नवी पोरगी ड्यूटीवर आली की मी आधी तिला हा वेग बघायला लावत असे.

म्हणून धडधाकट बाईला तासन्‌तास मशीनचा पट्टा बांधून उताणं निजवणं मला पटत नाही. डब्लिनमध्ये जवळपास 13,000 बायकांवर झालेल्या आणि 1985 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पट्ट्यामुळे नवजात बाळांचे झटके कमी झाले, मृत्यू मात्र कमी झाले नाहीत. सतत पट्टा लावला की सीझर वाढतात, हेही पुढे अनेक चाचण्या एकत्र तपासल्यावर दिसलं. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये सांगितलं की आपोआप कळा सुरू झालेल्या निरोगी बाईला सतत पट्टा नको. कळांच्या काळात दर 15 ते 30 मिनिटांनी आणि जोर करताना दर 5 मिनिटांनी ठोके ऐकावेत. त्याला साधा डॉप्लर चालतो, लाकडी नळीही चालते. पण कान देणारं माणूस लागतं, आणि खर्च तिथेच वाचवला जातो. रक्तदाब वाढलेला असेल, ताप असेल, कळांचं सलाईन लावलं असेल, तिथे मात्र पट्टा हवाच. त्याबद्दल वाद नको.

बाळंतपणाला जाणाऱ्या प्रत्येक घराला माझं सांगणं आहे. आकडा विचारत बसू नका. रात्री ठोके कोण ऐकणार आणि पट्टी कोण वाचणार, ते नाव घालतानाच विचारा. आणि बाळाची हालचाल कमी वाटली, तर सकाळ होण्याची वाट न बघता निघा.